माटोळीचा बाजार आणि बहात्तर तास

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

परवा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. सकाळी माटोळीच्या (आमच्या गोव्यात गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती) बाजारात गेले ती खरेदीला, पण पिशवीतून आधी निघाली मोजायची टेप, नवऱ्याने कपाळाला हात लावला. गटारापासून गटारापर्यंत सात मीटर वीस. दोन्ही बाजूंना कांगलां, सुपारीची शिपटी, तोरिंगां, चिबूड, घागऱ्या मांडून बसलेल्या बायका, मधे चालायला जेमतेम अडीच मीटर, आणि एकही गाडी नाही. ना कोणी बोर्ड लावला ना ठराव घेतला, दरवर्षी चवथीआधी ही गल्ली आपोआप बंद होते आणि म्युनिसिपालटीत एक तक्रार येत नाही.

हीच गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांची करा म्हणून मी, इथली नगरसेविका, दोन वर्षं कौन्सिलमधे डोकं फोडतेय. प्लॅन काढला, सेक्शन काढला, थ्रीडी व्ह्यू काढले, त्यात झाडं पण छान हिरवी दाखवली. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला मीटिंगला आला आणि एकच वाक्य बोलला, "बाय, गिरायकान गाडी खंय दवरची?" (गिऱ्हाइकाने गाडी ठेवायची कुठे?) संपलं. माझे आठ शीट गुंडाळले गेले.

कॉलेजात असताना, म्हणजे पणजीत आल्तिन्याला आर्किटेक्चर करताना, सरांनी जेमी लर्नरच्या स्लाइड दाखवल्या होत्या. ब्राझीलमधलं कुरितिबा (तिथे भाषा पोर्तुगीज, आमच्या आजोबांना दुभाषा लागला नसता). आर्किटेक्ट माणूस, १९७१ साली तेहतिसाव्या वर्षी मेयर झाला, आणि १९७२ मधे शुक्रवारी संध्याकाळी कोर्ट बंद झाल्यावर मुख्य बाजाराचा रस्ता खणायला घेतला, बहात्तर तासांत फरशा, कुंड्या, दिवे सगळं लावून मोकळा. दुकानदार आधी चिडलेले, नंतर तेच म्हणाले पुढचा भाग पण करा. गाडीवाले रस्त्यात घुसणार अशी बातमी आली तर याने रस्त्यावर कागद अंथरून पोरांना चित्रं काढायला बसवलं. नंतर बसची वेगळी लेन केली, पुराचं पाणी सामावायला नदीकाठी पार्क केले. मी तेव्हाच ठरवलं, आपल्याला हेच करायचंय.

सरांनी फुलांचा रस्ता दाखवला, लष्कर दाखवलं नाही. लर्नरला पहिल्यांदा बसवला तो लष्करी राजवटीने, त्याला मतं मागायला दारोदार जावं लागलं नव्हतं. हे मला कळलं २०२१ मधे. मार्चमधे मी निवडून आले, मे मधे तो गेला, तेव्हा त्याच्यावरचं वाचताना. तशी १९८८ मधे त्याने मतं घेऊनही मेयरकी जिंकली, म्हणजे लोकांना पटलं होतंच. पण बहात्तर तास मात्र मतं न मागता मिळाले होते, आणि मी त्याच बहात्तर तासांवर भाळले होते.

खरं तर मला राजकारणात लर्नरने नाही, एका म्हातारीने आणलं. २००७ मधे गोवा बचाव अभियान या लोकांच्या चळवळीच्या रेट्यामुळे सरकारला रिजनल प्लॅन २०११, म्हणजे गोव्यातली कुठली जमीन कशाला वापरायची त्याचा आराखडा, मागे घ्यावा लागला, मग २०२१ च्या प्लॅनसाठी टास्क फोर्स बसली, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियाही होते त्यात, आणि मसुदा पंचायतींकडे आला. माहेरच्या गावात ग्रामसभेत नकाशा भिंतीला लावलेला, सगळे लांबून बघतायत, कोणाला काही कळत नाही. मला म्हणाले तू शिकलेली, वाच. मी झोन, सेटलमेंट, एफएआर असं सुरू केलं आणि ही म्हातारी पुढे येऊन विचारते, "हातूंत म्हजें शेत खंय?" शोधायला मला वीस मिनिटं लागली. मानशीपासून (खाडीचं पाणी अडवायचं दार) बोट फिरवत फिरवत सापडलं. तिने त्या जागी आपलं बोट ठेवलं आणि सभा संपेपर्यंत काढलं नाही.

निवडून आल्यावर आमच्या हद्दीतली कामं घेणं बंद केलं. बिल्डिंगचं लायसन्स देणाऱ्या कौन्सिलमधे मीच बसणार आणि प्लॅनवर सही पण माझीच, हे बरं दिसत नाही. कमाई निम्म्यावर आली, त्याचं एवढं काही नाही. त्रास होतो तो दुसऱ्याचा. साडेचार वर्षं होत आली आणि लोक माझ्याकडे येतात ते दिवा, गटार आणि कचरा यासाठी. रस्त्याचं डिझाइन घेऊन एकही आला नाही. आणि गटार तुंबलेलं असताना कोणी का यावं.

तर आज. हार्डवेअरवाल्याने दुकानासमोर भर रस्त्यात टेबल टाकलेलं, त्यावर चिबूड आणि घागऱ्या. मी टेप लावलेली बघून घाबरला, "फोटो काडूं नाका हां." मी म्हटलं नाही काढत, धंदा कसा आहे ते सांग. म्हणाला दोन दिवसांत महिन्याचा होतो. मग मी हळूच विचारलं, चवथीनंतर एखाद्या शनिवारी संध्याकाळी टेबल असंच इथे टाकशील? शीट नाही, थ्रीडी नाही, फक्त टेबल. त्याने चिबूड पुसत पुसत विचार केला आणि म्हणाला, "सोपो कोण फारीक करतलो?"

नाही म्हणाला नाही! सोपो, म्हणजे बाजारकर, कोण भरणार ते विचारतोय म्हणजे मनात टेबल टाकून झालं. उद्या चीफ ऑफिसरांना फोन करायचा, चवथीची सुट्टी लागायच्या आत.

घरी येऊन पिशवी उघडली तर आत टेप, पेन आणि एक चिबूड. कांगलां राहिली. परत गेले.