दुसऱ्याच्या ओंजळीतला लेम

"रेया? ही रेया कोण?"

आमच्या मजल्यावरच्या आजींनी हा प्रश्न विचारला तेव्हा मला पोलंडमधल्या क्राकूवला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आजी निवृत्त इंग्रजी शिक्षिका, म्हणून तर आमचं बोलणं होऊ शकत होतं. लिफ्टची वाट बघताना त्यांना माझ्या हातातलं 'सोलारिस' दिसलं आणि त्यांचा चेहरा खुलला. ही विज्ञानकादंबरी लिहिणारा स्तानिस्लाव लेम म्हणजे या शहराला आपला माणूस. जन्म १९२१ सालचा, ल्वूवचा (आता युक्रेनमधलं ल्विव). दुसरं महायुद्ध संपताना तिथलं घरदार सोडून कुटुंब क्राकूवला आलं, आणि २००६ मध्ये तो इथेच गेला. मी कॉलेजात असल्यापासून त्याला वाचत आलेय, असं मी आजींना सांगितलं आणि रेयाबद्दल भरभरून बोलायला लागले. नायकाची मेलेली बायको, जिला सोलारिस ग्रहावरचा अथांग समुद्र पुन्हा त्याच्यासमोर आणून उभी करतो, ती रेया.

आजींनी मला घरात बोलावलं, कपाटातून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे नाव होतं हारेय.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या बाईसाठी मी विसाव्या वर्षी रडले होते, तिचं नावच मला चुकीचं माहीत होतं. शोधल्यावर कळलं ते असं. 'सोलारिस' पोलिशमध्ये १९६१ साली आलं. १९७० साली इंग्रजीत आलं ते मात्र पोलिशवरून नाही, फ्रेंच अनुवादावरून. जोॲना किलमार्टिन आणि स्टीव्ह कॉक्स यांनी केलेल्या त्या इंग्रजी अनुवादात हारेयची रेया झाली, म्हणजे तीच अक्षरं इकडची तिकडे झाली. स्नाउट नावाच्या शास्त्रज्ञाचा स्नो झाला. लेमला स्वतःला इंग्रजी वाचता येत होतं आणि तो अनुवाद त्याला आवडला नव्हता. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी मात्र कित्येक वर्षं तोच 'सोलारिस' म्हणून वाचला. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं म्हणतात ते हेच.

माझा संग्रह सुरू झाला तो तिथून. लोकांना वाटतं की दुर्मीळ पुस्तकं जमवणं म्हणजे पहिली आवृत्ती, कोरं वेष्टन, काचेचं कपाट. मला हवं होतं वेगळंच: एका पुस्तकाचं पाणी कुठल्या ओंजळीतून कुठल्या ओंजळीत गेलं, त्याचा माग.

रशियनचीच गोष्ट घ्या. १९६२ मध्ये द्मित्री ब्रुस्किनचा अनुवाद लेनिनग्राडच्या एका मासिकातून आला, पण त्यातले काही उतारे गाळलेले होते. संपूर्ण रशियन 'सोलारिस' छापायला १९७६ साल उजाडलं. तो अनुवाद गालिना गुदिमोवा आणि वेरा पेरेलमन यांचा. मधल्या काळात काय झालं? १९६५ साली जपानीत 'सोलारिस' आलं ते रशियनवरून. त्यामुळे लेनिनग्राडमध्ये जे गाळलं गेलं ते तोक्योतही गायब! जपानी नावाचा अर्थ साधारण 'सोलारिसच्या सूर्याखाली' असा होतो. थेट पोलिशवरून केलेला जपानी अनुवाद २००४ साली आला, तेव्हा त्याचं नाव नुसतं 'सोलारिस' झालं. माझ्याकडे या दोन्ही जपानी प्रती शेजारी-शेजारी उभ्या आहेत. मला जपानीचं एक अक्षर वाचता येत नाही. तरीही त्यांच्या पाठींवरून नजर फिरवताना मला ते चाळीस वर्षांचं अंतर दिसतं.

'अजिंक्य' या नावाच्या अंतराळयानाची कादंबरीही अशीच फिरली: पोलिश १९६४, मग जर्मन, आणि त्या जर्मनवरून १९७३ साली इंग्रजी. बिल जॉन्स्टननं पुढे ही दोन्ही पुस्तकं थेट पोलिशवरून इंग्रजीत आणली. त्याचं 'सोलारिस' २०११ साली आलं ते आधी ध्वनिपुस्तक म्हणून. हारेयचं नाव मी इंग्रजीत पहिल्यांदा ऐकलं ते असं ट्रॅममध्ये बसून, कानातून. ही आवृत्ती माझ्या फळीवर नाही, पण माझ्या लेखी संग्रहातली सगळ्यात महत्त्वाची तीच.

रविवारी सकाळी मी हाला तार्गोवाला जाते. आठवडाभर तिथे भाजी-फळांचा बाजार असतो, रविवारी जुनापुराणा. चिनीमातीची भांडी, पदकं, दिव्यांच्या काचा आणि केळ्यांच्या खोक्यांत उभी ठेवलेली पुस्तकं. जुन्या पुस्तकांच्या दुकानाला इथे अँटिक्वारिआत म्हणतात. शहरात ती बरीच आहेत आणि तिथे पुस्तक नीट पुसून, किंमत लिहून ठेवलेलं असतं. पण मला खोकी आवडतात. बोटं काळी होतात, पाठ दुखते आणि पाच-दहा झ्लोटींना सत्तरच्या दशकातला लेम हाती लागतो.

समाजवादी काळातल्या पोलिश पुस्तकात आधी शेवटी दिलेली छपाईची माहिती बघायची, हे मला तिथल्याच एका काकांनी शिकवलं. आवृत्ती कितवी, नाक्वाद म्हणजे प्रती किती छापल्या, कागद कुठल्या प्रतीचा, हस्तलिखित जुळणीला कधी गेलं, छपाई कधी पुरी झाली, सगळं तिथे बारीक टाइपात असतं. किंमतही छापलेली असते. त्या चार ओळी वाचताना मला पुस्तक छापखान्यात किती महिने अडकून पडलं होतं तेही कळतं. कागद मात्र वाईट. कडा तपकिरी पडतात, जोरात उलटलं तर पान तुटतं. म्हणून मी पुस्तकं उन्हापासून लांब ठेवते आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावत नाही. तिचा डिंक काही वर्षांत कागद खातो.

एकदा माझी फसगत झाली. ऑनलाइन एका विक्रेत्यानं १९६१ चं 'सोलारिस', पहिली आवृत्ती, असं लिहून फक्त आतल्या नामपृष्ठाचा फोटो टाकला होता. मी घाईत पैसे भरले. आलं ते पुस्तक खरंच १९६१ चं होतं, पण मूळ मुखपृष्ठ काढून टाकून ग्रंथालयानं त्याला हिरव्या कापडाची जाड बांधणी केलेली. पोलंडमधल्या ग्रंथालयांची पुस्तकं अनेकदा अशी बांधलेली असतात. पुस्तक टिकतं, चेहरा जातो. मला फार वाईट वाटलं. परत पाठवायचं म्हणून मी ते पुन्हा कागदात गुंडाळलंही. मग सहज शेवटचं पान उघडलं, तर तिथे परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला. शिक्क्यावर शिक्का, तिरपे, एकमेकांवर चढलेले, वरपासून खालपर्यंत जागा उरलेली नाही. इतक्या लोकांनी हे पुस्तक घरी नेलं होतं. हारेयला हारेय म्हणूनच वाचलं होतं. मी ते परत पाठवलं नाही. तेव्हापासून एवढं मात्र पाळते: मुखपृष्ठ, पाठ, नामपृष्ठ आणि छपाईची माहिती, या चारही ठिकाणांचे फोटो आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

लेमची कबर साल्वातोरच्या दफनभूमीत आहे, टेकडीवर. १ नोव्हेंबरला सगळं शहर आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला जातं. मी आजींबरोबर गेले. दगडावर लॅटिनमध्ये कोरलंय: मला जमलं ते मी केलं, ज्यांना अधिक जमेल त्यांनी अधिक चांगलं करावं. आजींनी अर्थ सांगितला तेव्हा माझ्या मनात लेमचे अनुवादकच आले.

कारण अनुवादकांवर रुसून बसावं असं काही मला वाटत नाही, आणि त्याला कारण लेमचंच 'त्सिबेरियादा'. ट्रुर्ल आणि क्लापाउत्सियुश या दोन यंत्रकारांच्या या गोष्टी. माझ्याकडे १९७२ ची क्राकूवची प्रत आहे, दानियेल म्रूझच्या चित्रांची. बारीक रेघारेघांची, जुन्या कोरीवकामासारखी चित्रं. जाळीदार चाकं, मिशावाले राजे. १९७४ साली मायकेल कँडेलनं ती इंग्रजीत नेली तेव्हा म्रूझची चित्रंही बरोबर गेली. मी दोन्ही प्रती टेबलावर उघडून ठेवते. चित्रं तीच असतात, खाली शब्द मात्र भलतेच होतात!

ट्रुर्ल कविता करणारं यंत्र बनवतो. क्लापाउत्सियुश त्याला अडवायला अशी कविता मागतो जिच्यातला प्रत्येक शब्द एकाच अक्षरानं सुरू होईल. पोलिशमध्ये ते अक्षर 'सी' आणि विषय यंत्रांचा शृंगार. हे इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून नेणं अशक्य. कँडेलनं सरळ अक्षर बदलून 'एस' घेतलं, विषय बदलून केस कापण्याचा केला, आणि बायबलमधल्या सॅमसनला, तोही घोरणारा, आणून नवीच कविता लिहिली. मूळ ओळीतलं काहीही उरलं नाही आणि तरी ती लेमचीच वाटते. हारेयची रेया करणं आणि हे करणं यांत फरक आहे, आणि तो मला दोन प्रती शेजारी ठेवल्यावरच कळला. पहिल्यात पाणी ओंजळीतून गळलं. दुसऱ्यात अनुवादक स्वतः विहिरीवर गेला.

त्याच मालिकेत दुसरं एक यंत्र आहे. ते फक्त 'न'पासून सुरू होणाऱ्या वस्तू बनवू शकतं. क्लापाउत्सियुश त्याला 'काही नाही' बनवायला सांगतो आणि ते जगातल्या एकेक गोष्टी पुसायला लागतं. पोलिशमध्ये 'काही नाही'ला 'निट्स' म्हणतात. इंग्रजीत नथिंग, जर्मनमध्ये निख्ट्स, रशियनमध्ये निच्तो, सगळीकडे न! मी हे आजींना उत्साहानं सांगत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत?" मी म्हटलं, नाही. त्यांना वाटलं, उत्तर द्यायला मी नकार देतेय. समजावून सांगितल्यावर त्यांनी तो शब्द तीन-चारदा स्वतः म्हणून पाहिला आणि माझ्या वहीत पोलिश लिपीत लिहूनही दिला.

सध्या मी शोधतेय ती 'त्सिबेरियादा'ची हंगेरियन प्रत. हंगेरियनमध्ये 'काही नाही'ला 'शेम्मी' म्हणतात. तिथल्या अनुवादकानं त्या यंत्राला कोणतं अक्षर दिलं आणि त्या अक्षराच्या कुठल्या कुठल्या वस्तू जगातून पुसल्या, ते मला बघायचंय. हाला तार्गोवाच्या काकांना सांगून ठेवलंय.