आमची वाटचाल: आधी पाणी, मग मासे

लातुरात शोभेच्या माशांचं दुकान टाकलं तेव्हा जो तो हसायचा. त्यात चूक काय म्हणा! एप्रिल 2016 मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घरात हंडाभर पाण्याची मारामार असताना टाकी घ्या म्हणून कुणाला सांगायचं? त्या उन्हाळ्यात नवीन विक्री बंदच ठेवली, जुन्या गिऱ्हाइकांच्या टाक्या तेवढ्या सांभाळल्या. आज बोअरचं, उद्या टँकरचं, मिळेल ते पाणी वापरताना पाणी तपासायची सवय लागली आणि पुढं धंदा तिच्यावरच उभा राहिला.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. डिस्कस, निऑन टेट्रा यांना ते मानवत नाही. गप्पी, मोली, प्लॅटी मात्र त्यात खुशाल वाढतात, म्हणून दुकानात त्यांनाच पुढची जागा दिली. 'आरओचंच पाणी भरतो की' म्हणणारे बरेच भेटतात. नुसत्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळं पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, टिकत नाही, कधी घसरेल सांगता येत नाही. नळाच्या पाण्याला हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, लागतंच, नाहीतर क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं.

खरी कसोटी नव्या टाकीची. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्यातून आपलं पाणी अल्कधर्मी. पीएच आणि उष्णता वाढली की तोच अमोनिया जास्त मारक होतो. काचेसारखं नितळ पाणी दिसतं आणि मासे वर येऊन धापा टाकतात, ते यामुळं.

म्हणून आम्ही टाकी देतो, मासे लगेच देत नाही. फिल्टर चालू ठेवायचा, जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. सोबत आमच्या चालू टाकीतला मुरलेला स्पंज ओलाच पिशवीत घालून देतो, त्यानं काम लवकर होतं. मग गिऱ्हाइकानं बाटलीत पाणी आणायचं. परीक्षानळीत थेंब टाकले की अमोनिया असेल तर हिरवा रंग चढतो, नसेल तर पिवळाच राहतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच मासे, तेही थोडे थोडे.

"रिकाम्या टाकीकडं बघत बसू का, दादा? लेकरं रडायलीत घरी!" हे ऐकायला मिळतंच. काही जण पुढच्या दुकानात जातात. जाऊ द्यात. टिकलेली गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं खाद्य, झाडं, फिल्टर आमच्याकडूनच नेतात. माशांपेक्षा त्यातच जास्त सुटतं.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हे मात्र अजूनही प्रत्येकाला सांगावं लागतं. उन्हाळ्यात आणखी एक. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. वरून बोअरचं ओतत राहिलं की पाणी अधिकच जड होतं. आठवड्याला पाव टाकी काढून बदला, काढलेलं कुंड्यांना घाला, त्यात झाडांना खत म्हणून चालणारं नायट्रेट असतंच. यंदा घरी येऊन पाणी तपासायची सोय औसा आणि निलंग्यातही सुरू केली आहे.