तुटलेलं रेकॉर्डिंग आणि ३२,७६८ बाइट: ट्रान्समीटरच्या कार्डावरची पुढची नोंद

मागच्या टप्प्यात ट्रान्समीटरच्या कार्डावरची, शून्य बाइटची दिसणारी रेकॉर्डिंगची फाइल उघडली होती, पण मध्येच कर्कश खरखर सुरू व्हायची आणि शेवटपर्यंत जायची नाही. ती का येते ते आता कळलं. उत्तर इतकं नेटकं निघालं की तेच आधी सांगावंसं वाटतंय, पण नव्यांसाठी थोडी उजळणी.

कमरेला लावायच्या, माइकचा आवाज स्वतःच्या कार्डावरही नोंदवणाऱ्या वायरलेस ट्रान्समीटरची बॅटरी चालू रेकॉर्डिंगमध्ये काढली की आवाजाची वेव्ह (WAV) फाइल नीट बंद होत नाही. हेडरमधल्या, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतल्या, लांबीच्या जागा भरायच्या राहतात, फॅटच्या (कार्डावर कुठली फाइल कुठे आहे ते ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदीतही आकार शून्य राहू शकतो. आवाज मात्र कार्डावर असतो. जातात ते फक्त बफरमध्ये, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधीच्या तात्पुरत्या मेमरीत, अडकलेले शेवटचे क्षण.

अशा वेळी ट्रान्समीटर पुन्हा चालू करून बघायचा मोह टाळा. काही ट्रान्समीटर चालू होताच आपोआप नवं रेकॉर्डिंग सुरू करतात, आणि ते थेट तुमच्या हरवलेल्या आवाजावर लिहिलं जाऊ शकतं. कार्ड काढा, त्याची पूर्ण इमेज (बाइटन्‌बाइट प्रत) घ्या आणि पुढचं सगळं त्या इमेजवर करा. हेक्स एडिटरमध्ये (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ५२ ४९ ४६ ४६ शोधलं की फाइलची सुरुवात सापडते. तिथून पुढे ६४ ६१ ७४ ६१ शोधा, त्यानंतरचे चार बाइट सोडा, मग आवाज. आवाज ४४व्या बाइटपासूनच असेल असं धरू नका. ब्रॉडकास्ट वेव्हमध्ये आधी मोठा माहितीचा भाग असतो. हा तुकडा ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये रॉ डेटा म्हणून घ्यायचा: २४ बिट, लिटल एंडियन (हलका बाइट आधी), एक चॅनल, ४८,००० हर्ट्झ. हेडफोनचा आवाज आधी अगदी कमी करा, खरखर पूर्ण पातळीची असते.

आता ती खरखर. कार्डावरची जागा क्लस्टर नावाच्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते. माझ्या कार्डावर क्लस्टर ३२ किलोबाइटचा, म्हणजे ३२,७६८ बाइट. २४ बिटच्या सॅम्पलला, म्हणजे आवाजाच्या एका मोजमापाला, तीन बाइट लागतात, आणि ३२,७६८ ला तीनने भागलं की दोन उरतात! कार्डावर आधी पुसलेल्या फाइल्स असल्या की नवी फाइल नेहमी सलग लिहिली जात नाही, मध्ये एखादा परका क्लस्टर राहतो. इमेजमधून सलग तुकडा कापताना तोही आत येतो आणि त्याच्या पुढची प्रत्येक सॅम्पल सरकते. सर्वांत हलका बाइट सर्वांत जड बाइटच्या जागी जाऊन बसतो, म्हणून नुसती खरखर. तो एक क्लस्टर काढून टाकला की पुढचा सगळा आवाज स्वच्छ. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी तो भाग परत परत लावून ऐकला.

उलट एक क्लस्टर गहाळ असेल तर ऐकू येणारं वेगळं असतं. तेव्हा मधला बाइट वर चढतो, म्हणजे आवाज २५६ पट होऊन गुंडाळला जातो (मर्यादेबाहेरचा आकडा उलट्या टोकाला जातो). उणे ४८ डेसिबलच्या खालचं, म्हणजे बोलण्यामधल्या थांब्यांतली खोलीची हलकी सरसर, मोठी पण ओळखता येईल अशी ऐकू येते. दोन क्लस्टर जास्त आले तरी असंच होतं, त्यामुळे इमेजमध्ये एकदा डोळ्यांनी पाहणं आलंच. गहाळ क्लस्टरच्या जागी तेवढेच शून्य बाइट भरावेत. आवाज रुळावर येतो आणि वेळही बिघडत नाही, व्हिडिओशी जुळवताना याची फार किंमत असते.

३२ बिट फ्लोट रेकॉर्डिंगमध्ये सॅम्पल चार बाइटची असते. तिथे हा प्रकार होतच नाही, कारण चारने ३२,७६८ ला पूर्ण भाग जातो. ऐकायला बरं वाटतं, पण मला ते जास्त धोक्याचं वाटतं: एक क्लस्टर गेल्याची पाव सेकंदाच्या आतली उडी वाक्यात लपून जाते. २४ बिटलाही तीन क्लस्टर एकदम गेले तर खरखर येत नाही.

म्हणून आता चाचणीच्या रेकॉर्डिंगमध्ये १ किलोहर्ट्झचा सूर घालतोय. ४८ किलोहर्ट्झला त्याचं एक आवर्तन बरोबर ४८ सॅम्पलचं. तीन क्लस्टर गेले तर आवर्तन ३२ सॅम्पलने पुढे उडतं आणि वेव्हफॉर्ममध्ये तुटलेली जागा लगेच दिसते. पुढची पायरी म्हणजे या उड्या शोधणारी छोटी स्क्रिप्ट. सध्या ती सुरावर चालते, बोलण्यावर अजून नाही.