आजीने विचारलेला प्रश्न

गणपतीत कोकणातलं माणूस घराबाहेर राहत नाही. मुंबईचा चाकरमानी रेल्वेत उभ्याने प्रवास करतो, पण चतुर्थीला गावच्या ओटीवर हजर असतो. आणि आम्ही शाळेतले अकरा जण, एक बाई आणि एक सर, २०११च्या गणपतीला नेमके घर सोडून मॉरिशसला निघालो होतो. आजीने माझा पासपोर्ट उलटसुलट करून बघितला आणि एवढंच विचारलं, "थंय गणपती असता काय रे?" मला माहीत नव्हतं.

तिथल्या मराठी मंडळींना कोकणातल्या शाळेची जाखडी, म्हणजे आपला गणपतीतला रिंगणाचा नाच, हवी होती. आपल्या शाळेचं नाव कुणी सुचवलं ते आम्हाला कळलं नाही, पण बाईंनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तिकिटांचा मोठा भार आपल्या मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने उचलला. उरलेल्या पैशांसाठी आम्ही वाडीवाडीत नाचलो. निम्म्या जणांच्या जन्मदाखल्यावरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळत नव्हतं, त्यासाठी बाईंनी तहसीलच्या किती खेपा घातल्या त्याची गणती नाही. तेव्हा मी दहावीत होतो. ते कष्ट मला तेव्हा दिसले नाहीत, आता दिसतात.

मुंबईहून सहा तासांचं विमान. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे केलं. सामान आलं, त्यात मृदंगही आला, पण त्याची धुमाकडची पुडी, म्हणजे एका बाजूचं कातडं, फाटली होती. आमचा मृदंगवाला तिथेच खाली बसला. त्याच्या आज्याचा मृदंग होता तो. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहिला. युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरवलेली जागा म्हणजे काहीतरी भव्य असेल, असं मनात होतं. प्रत्यक्षात काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, आपल्या बंदराच्या धक्क्याला असतात तशा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून आलेले ३६ मजूर याच बंदरात उतरले. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला होता, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. त्यानंतर १९२०पर्यंत जवळपास पाच लाख लोक हिंदुस्थानातून करारावर इथे आले. बहुतेक बिहारकडचे, पण तमिळ, तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून चढलेले रत्नागिरी, मालवणकडचे आपलेही होते. बाईंनी आम्हाला चपला काढायला सांगितल्या. कुणी 'का' म्हणून विचारलं नाही.

तिथून वाक्वा शहराकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि उसाच्या मधोमध दगडांचे रचलेले ढीग, घराएवढे. बेट ज्वालामुखीचं, जमीन दगडांनी भरलेली. हे दगड मजुरांनी हातांनी वेचून रचले, तेव्हा कुठे ऊस लागला. ज्यांच्या घरी उतरायचं होतं ते आजोबा गाडीत सोबत होते. ते म्हणाले, "सांगितलं होतं त्यांना, दगड उलटला की खाली सोनं सापडतं." आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, घालणारे हात आहेत. एक एक दगड बसवायला किती वेळ लागतो ते आम्हाला ठाऊक होतं. गाडीत सगळे गप्प झाले.

आजोबांचं आडनाव म्हणजे त्यांच्या पणजोबांचं नाव. बोटीवरून उतरल्यावर कारकुनाने जे लिहून घेतलं तेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. घरात सगळे क्रिओल ही तिथली बोली बोलत. आजोबांची मराठी तुटक, पण "बसा", "जेवा" हे इतकं घरातलं की ऐकून बरं वाटावं. त्यांची नात शाळेत मराठी हा विषय शिकत होती, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

आणि गणपती? आजीला मी परत आल्यावर सांगितलं ते असं. तिथे गणपतीची सरकारी सुट्टी असते. हेन्रिएटा गावात १८९६पासून गणपती बसतो. वाक्वा उंचावर आहे, त्यामुळे चतुर्थीला तिथे अगदी आपल्यासारखी भुरभुर होती. मोदकाच्या सारणात गुळाऐवजी तिथलीच तपकिरी साखर. आरतीला मी घरातल्या आजींच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या हातात एक वही होती, कडा तेलकट झालेली. त्यात आपलीच आरती, पण फ्रेंच वळणाच्या रोमन अक्षरांत. मला एक ओळ धड लावता येईना. त्यांचं बोट अक्षरांखालून सरकत होतं आणि तोंडातून शब्द न शब्द बरोबर येत होता. अर्थ विचारला तर त्या हसल्या, म्हणाल्या, "आईने सांगितलं, असंच म्हणायचं."

आरती झाली आणि आम्हाला नाचायचं होतं. मृदंग तर मुका. आजोबा आत गेले आणि त्यांची ढोलकी घेऊन आले. आमच्या मृदंगवाल्याने दोन थापा मारून पाहिल्या, वाद्या ताणल्या, सरांनी गण उचलला आणि आम्ही उजव्या पायात चाळ बांधून रिंगण धरलं. दुसऱ्या कडव्याला रिंगण मोठं झालं. त्या घरातले, शेजारचे पुरुष आत शिरले होते. तिथे जाखडीला झाकरी म्हणतात. शब्द वेगळे, चाल जराशी संथ, पण पाऊल तेच, वाकणं तेच. आम्ही त्यांना दाखवायला म्हणून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी फ्लिक आं फ्लाकच्या समुद्रात विसर्जन झालं. प्रवाळाच्या बांधामुळे तिथे पाणी उथळ, शांत. गणपती घेऊन कितीही आत चाललो तरी पाणी कमरेवर येईना.

बाकीची स्थळं सगळी पाहिली. शामारेलची रंगीत माती, गंगातलाव, पँपलमूसच्या बागेतली परातीएवढी कमळाची पानं. रस्त्यावर उभं राहून खाल्लेली दालपुरीही आठवते, तिथे ती जोडीनेच देतात. पण त्यांचं फार काही सांगण्यासारखं नाही. एका संध्याकाळी किनाऱ्यावर सेगा पाहिला, तो मात्र सांगायला हवा. तो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा नाच. रावान नावाचं मोठं डफासारखं वाद्य, बकऱ्याच्या कातड्याचं. वाजवण्याआधी त्यांनी शेकोटी पेटवली आणि रावान आचेवर धरून शेकलं, जशी आपल्याकडे हलगी शेकतात. आमचा मृदंगवाला उठून शेकोटीशी गेला. भाषा येत नव्हती. त्याने हात पुढे केला, त्यांनी रावान त्याच्या हातात दिलं, आणि कुठल्या बाजूला अजून आच हवी ते दोघं बोटाने ठोकून एकमेकांना दाखवत राहिले.

निघण्याच्या आदल्या दिवशी आजोबा आम्हाला मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत घेऊन गेले. करारी मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत, काहींचे फोटोही. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल त्यांनी पूर्वीच मिळवली होती. नंबर, बापाचं नाव, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी. गावाच्या रकान्यात मात्र इंग्रजाने कानावर पडलं तसं काहीतरी लिहिलेलं, शेवटची अक्षरं शाईत बुडालेली. आजोबांनी तिची झेरॉक्स बाईंच्या हातात दिली. "तुम्ही तिकडचे. तुम्हाला कळेल."

परत आल्यावर बाईंनी आम्हाला तालुक्याच्या नकाशासमोर बसवलं. तीन गावांची नावं जुळतात असं वाटलं. तिन्ही गावांत आम्ही गेलो, गुरवांना विचारलं, जुन्या घरांतून विचारलं. 'आमचा एक बोटीनं गेला तो आलाच नाही' असं तिन्ही ठिकाणी सांगणारे भेटले. पुढे दहावी झाली, आम्ही पांगलो. बाई निवृत्त झाल्या.

आजोबा गेले. नातीचा फोन येतो, गणपतीत हमखास. दरवेळी विचारते, मिळालं का गाव?

ती झेरॉक्स शाळेच्या ऑफिसात, कपाटाच्या डाव्या दारावर आतून चिकटवलेली आहे. शाळेच्या महोत्सवाला याल तेव्हा पाहून जा. सोबत घरातलं कुणी वयस्कर माणूस असेल तर त्यांनाही वाचायला द्या.