‘कॉल मी मेबी’वाली पुढे कुठे गेली?

पाश्चात्त्य पॉपचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, “ती ‘कॉल मी मेबी’ गाणारी मुलगी, पुढे तिचं काय झालं?” आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पुढे तिनं ‘इमोशन’ नावाचा अल्बम केला, आणि त्या दशकातला माझा सगळ्यात लाडका पॉप अल्बम तोच आहे.

कार्ली रे जेपसन कॅनडाची. २०१२ मध्ये ‘कॉल मी मेबी’ अमेरिकेत ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एवढं गाजलेलं गाणं गायिकेला झाकून टाकतं. तिनं मात्र सावकाश घेतलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर सिंड्रेलाची भूमिका केली, दोनशेहून जास्त गाणी लिहिली आणि त्यातली १२ मूळ अल्बमसाठी ठेवली.

प्रकाशनाचं नियोजन मात्र फसलं, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०१५ मध्ये पहिलं गाणं आलं ‘आय रियली लाइक यू’. व्हिडिओत टॉम हँक्स तिच्या आवाजावर ओठ हलवतो. गोड गाणं, पण अल्बममधलं सगळ्यात वरवरचं. लोकांना वाटलं, जुनाच माल नव्या वेष्टनात. मग अल्बम जपानमध्ये २४ जूनला निघाला आणि अमेरिकेत थेट २१ ऑगस्टला. तोवर उत्सुकता ओसरली होती. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात जेमतेम १६ हजारांचा खप, क्रमांक १६वा. झालं, ‘फ्लॉप’चा शिक्का बसला.

समीक्षकांनी मात्र कान देऊन ऐकलं. ‘रन अवे विथ मी’ची सुरुवातच सॅक्सोफोनच्या हाकेनं होते, ऐंशीच्या दशकातला तो सूर इथे नक्कल वाटत नाही. ‘ऑल दॅट’मध्ये संगीत निर्माते देव हाइन्स आणि एरियल रेक्टशेड यांनी इतकी मोकळी जागा सोडली आहे की तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. वर्षअखेरीच्या कितीतरी याद्यांत ‘इमोशन’ होता. २०१६ मध्ये कॅनडाच्या पोलारिस पुरस्काराच्या अंतिम यादीतही तो आला. तिथे खप बघतच नाहीत, परीक्षक फक्त संगीत ऐकून ठरवतात.

सगळेच भारावले नव्हते. गाणी उत्तम, पण त्यांतून गायिका कोण आहे ते कळत नाही, अशी काहींची तक्रार होती. मला ती पटत नाही. पॉप गाणं म्हणजे गायिकेची रोजनिशी, यात कोण कुणाला सोडून गेलं ते शोधायचं, ही सवय तेव्हा फार बोकाळली होती. जेपसनच्या गाण्यांत शोधायला तसं काही नाही. अजून काहीच घडलेलं नाही आणि कुठल्याही क्षणी घडेल, त्या वेळची धडधड ती गाते. तिथे तिची ओळखपाळख कशाला हवी? माझीच धडधड मला ऐकू येते, आणि हे साधायला मोठं कसब लागतं.

वर्षभरानं, ऑगस्ट २०१६ मध्ये, तिनं बाजूला ठेवलेल्यांपैकी ८ गाणी ‘साइड बी’ म्हणून काढली. ती ऐकताना प्रश्न पडतो, ही कशी काय वगळली?

तर ती कुठेही गेलेली नाही. ‘रन अवे विथ मी’पासून सुरुवात करा, आवाज जरा मोठा ठेवा, आणि ‘साइड बी’ चुकवू नका.