आस तोडायची विद्या

सतार असो की तंबोरा, मिरजेत वाद्याची परीक्षा आसेवर होते. तार छेडली की नाद किती वेळ टिकतो, टिकताना उजळतो की मावळतो, ते आधी बघतात, नक्षीकाम मागाहून. सतारमेकर गल्लीत मामांच्या हाताखाली जवारी काढायला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद उजळायला, शिकलो तो याच एका ध्यासानं. घोडीच्या माथ्यावर कानशीचा एखादा हात जास्त बसला तरी आस जाते, म्हणून श्वास रोखून काम करायचं. आता मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात, गिटार, मँडोलिन, बँजो आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, दुरुस्त करतो. हत्यारं बदलली, कान मात्र मिरजेचाच राहिला.

उन्हाळ्यात अ‍ॅशव्हिलच्या आसपासच्या डोंगरांत ब्लूग्रास, म्हणजे इथलं तंतुवाद्यांवरचं लोकसंगीत, शिकवणाऱ्या कार्यशाळा भरतात. कॉलेजला सुट्टी असते, वसतिगृहं रिकामी असतात. शाळकरी मुलांपासून पेन्शनीत निघालेल्या माणसांपर्यंत सगळे आपापलं वाद्य घेऊन येतात, आणि ज्यांनी उभं आयुष्य रंगमंचावर काढलंय अशा वादकांसमोर बसून शिकतात. दिवसा वाद्यवार वर्ग, रात्री जॅम, म्हणजे गोल करून एकत्र वाजवणं. अशा एका कार्यशाळेत मला व्हरांड्यात टेबल मिळालं होतं. ज्याचं वाद्य कुरकुरेल त्यानं माझ्याकडं यायचं. जुलैतली तिथली हवा दमट. लाकूड फुगतं, गिटारची तबली, म्हणजे वरची फळी, वर उचलली जाते, तारा मानेवरच्या पडद्यांपासून लांब जातात आणि शिकणाऱ्याची बोटं सोलतात. सकाळपासून तेच काम चाललं होतं.

सकाळच्या चहानंतर एक बाई आल्या. आयुष्यभर रुग्णालयात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर मँडोलिन घेतलं. म्हणाल्या, "याचा चॉप लागत नाही. वाजवलं की घुमतच राहतं. वर्गात माझ्यामुळं सगळा चिखल होतो." चेहरा अगदी उतरलेला.

चॉप म्हणजे काय ते सांगायला हवं. ब्लूग्रासच्या मूळ मेळात ढोल-ताशासारखं तालवाद्यच नाही. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या मेळात डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवाला आला आणि या संगीताचा साचा बसला: मँडोलिन, फिडल, गिटार, पाच तारांचा बँजो आणि उभा डबल बास. (गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बटणांचं वाद्य निराळं.) चार मात्रांतली पहिली आणि तिसरी बास धरतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मँडोलिनवाला सगळ्या तारांवर एकदम आघात करतो आणि तो सूर लगेच मारतो. ऐकू येतो नुसता कोरडा 'टक'. तबल्याचं काम चार जोड्यांतल्या आठ तारांनी करायचं, असा हा प्रकार.

मी वाद्य हातात घेतलं. बरं होतं. घोडीचे पाय तबलीला नीट टेकलेले, आडाच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचा स्वच्छ, बाराव्या पडद्यावर तारांची उंची बेताची. फक्त घोडीच्या मागं, म्हणजे घोडी आणि तारा जिथं अडकवतात तो लंगोट यांच्या मधे, तारांचे जे तुकडे उरतात ते आघातासरशी बारीक शीळ घालत होते. नखानं ते तुकडे छेडले तर प्रत्येकाचा सूर वेगळा, एकाचाही गाण्याशी संबंध नाही. तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारांच्या, वाद्यावर वाढलेल्या माझ्या कानाला तो आवाज खुपला नाही, उलट गोड वाटला. पण बाईंची तक्रार एवढ्यानं मिटणार नव्हती, हे दिसत होतं.

तेवढ्यात मँडोलिन शिकवणारे आजोबा कॉफीचा कप घेऊन आले. सत्तरीच्या पुढचे, बोटं जाडजूड, बोलणं अगदी हळू. त्यांनी कप कठड्यावर ठेवला, मी अजून काहीच दुरुस्त न केलेलं ते मँडोलिन घेतलं आणि 'जी' या स्वरमेळाचा चॉप मारला. टक. पुन्हा, टक. घुमणं कुठल्या कुठं गेलं. शीळ तेवढी मागं अंधूक राहिली.

"आता हिचा डावा हात बघ," ते मला म्हणाले. बाईंना वाजवायला लावलं. मी उजवा हात बघत होतो, पिक, म्हणजे तार छेडायची नखी, किती जोरात बसते ते. त्यांनी माझी नजर बोट दाखवून वळवली. चॉपसाठी जो 'जी' धरतात त्यात चारही बोटं लागतात: मंद्र जोडीवर सातवा पडदा, पुढच्या जोडीवर पाचवा, मग दुसरा, मग तिसरा. कुठलीच जोडी मोकळी नाही. मोकळी तार हाताच्या ताब्यात नसते, म्हणून हा आडवातिडवा ताण सोसायचा. आघात झाला रे झाला की बोटांचा दाब सोडायचा, पण बोटं तारेवरून उचलायची नाहीत. दाब गेला की तार पडद्यापासून सुटते, बोटाचा मांसल भाग मात्र तिच्यावर टेकलेलाच असतो, आणि नाद तिथंच थांबतो. बाई दाब सोडतच नव्हत्या. आवाज बंद होईल याची त्यांना भीती वाटत होती.

ती भीती माझ्या ओळखीची होती. आस राखण्यात ज्याचं शिक्षण झालं त्याला नाद मुद्दाम तोडायला सांगा, हात धजावत नाही.

आजोबांनी बाईंना तारा न दाबता, नुसत्या बोटांनी झाकून वाजवायला लावलं. आधी निव्वळ खट, सूर नाहीच. मग म्हणाले, आघाताच्या क्षणापुरता दाब दे. अर्धा तास तेवढंच. कागद नाही, सुरांची नावं नाहीत. ते वाजवत, त्या वाजवत. मी दुसऱ्याच्या गिटारला कानस लावत ऐकत होतो. हळूहळू खट आणि घुमणं यांच्या मधला तो नेमका आवाज अधूनमधून लागायला लागला. प्रत्येक वेळी आजोबा म्हणत, "हाच." चुकल्यावर काहीच म्हणत नव्हते. शिकवायची ही रीत मला फार आवडली.

मग माझ्याकडं वळले. "हात आमचं काम, शीळ तुझं." खिशातून रबराची बारीक कडी काढली. घोडीच्या मागं प्रत्येक जोडीच्या दोन तारांमधे एकेक कडं अडकवायचं, की ते तुकडे गप्प. एवढंच. मी कडी बसवली आणि चॉप ऐकला. अंधूक शीळ गेली, आवाजाला कड आली. आम्ही तेरा-तेरा तरफा लावतो त्या न छेडता बोलाव्यात म्हणून. इथं न छेडता बोलणारी तार म्हणजे अडथळा. दोन्हीकडं हिशेब तितकाच बारीक.

दुपारी बँजो शिकवणाऱ्या बाईंना कळलं, की मी भोपळ्याच्या वाद्यांच्या गावचा. त्या खोलीतून एक वाद्य घेऊन आल्या: भोपळा कापून त्यावर कातडं ताणलेला, पडदे नसलेला बँजो. जुन्या चालीवर नव्यानं बनवलेला. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर घडवलेलं हे वाद्य. सेनेगाम्बियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग त्याचं जवळचं नातलग. बाईंनी हे सांगताना आवाज जराही सैल सोडला नाही. म्हणाल्या, बँजो शिकवताना मी इथूनच सुरुवात करते. मी भोपळा बोटानं वाजवून बघितला. पंढरपूरकडून मिरजेला येणाऱ्या भोपळ्यांपेक्षा लहान, भिंत जाड, आतून नीट घोटलेला. आणि अंगठ्याजवळ ती आखूड तार. पाच तारांच्या बँजोत हिची खुंटी मानेच्या मध्यावरच, पाचव्या पडद्यापाशी असते. चाल कुठलीही असो, ती आपला एकच वरचा सूर मधेमधे देत राहते. सतारीतल्या चिकारीच्या तारेचं काम.

मग त्यांनी आपला धातूच्या कड्यांचा आधुनिक बँजो घेतला, अंगठा आणि दोन बोटांत नख्या चढवल्या आणि स्क्रग्जची ती तीन बोटांची फेक अगदी सावकाश करून दाखवली: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अंगठा, तर्जनी, मध्यमा, अंगठा, मध्यमा. आठ आघात, तीन-तीन-दोन. लय वाढवली की हे तुकडे वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसती धार लागते. अंगठ्याचं वजन मात्र आत चालू असतं. बँजोचा सूर मुळात आखूड, पटकन मरणारा, म्हणून तर एवढे सूर लागतात, असं त्या म्हणाल्या. वाद्याची उणीव आणि वादनाची शैली एकमेकांना अशी धरून असलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

मँडोलिनबद्दल इथल्या दुरुस्तीवाल्यांत एक हकिगत भक्तिभावानं सांगतात, ती संध्याकाळी टेबल आवरताना पुन्हा निघाली. मन्रो यांचं मँडोलिन गिब्सन कंपनीचं एफ-5 या नमुन्याचं, आत कंपनीचे वाद्यतज्ज्ञ लॉइड लोअर यांची 9 जुलै 1923 ची सही. 1985 मध्ये कुणीतरी मन्रोंच्या घरात घुसून शेकोटीच्या सळईनं त्याचा चुरा केला. चार्ली डेरिंग्टन या गिब्सनमधल्या कारागिरानं त्या ढलप्या भिंगाखाली जुळवून ते पुन्हा उभं केलं, आणि मन्रोंनी पुढं ते वाजवलं. ढलपी टाकून द्यायची नसते, हे मामाही सांगायचे.

रात्री जॅमला आजोबांनी मला बसूच दिलं नाही. हातात एक मँडोलिन दिलं आणि बाईंच्या शेजारी, बासला खेटून उभं केलं. "तुम्ही दोघं गाडीची चाकं. बासचा आवाज संपतो तिथं तुमचा." गाण्याआधी कुणीतरी पट्टी सांगायचं. नुसत्या मानेच्या इशाऱ्यानं आवर्तन एकाकडून दुसऱ्याकडं जायचं. गाणारा गायला लागला की सगळ्यांनी आवाज खाली घ्यायचा. फिडल मंद्रात गेलं की चॉप आणखी हलका करायचा. हे कुणी समजावलं नाही, आजोबा फक्त तळहात खाली दाबत. माझं मनगट लवकर दुखायला लागलं, पण त्याहून अवघड होतं ते सगळ्यांचं ऐकत राहणं. साथीला बसणाऱ्या हार्मोनियमवाल्यांचं मला आयुष्यभर कौतुक वाटलं. ते काय करतात, ते त्या रात्री हाताला कळलं.

मध्येच आजोबांनी सगळ्यांना थांबवलं. बास आणि आम्ही दोघं एवढेच चालू. एक अख्खं कडवं. मग आम्हालाही थांबवलं आणि बाकीचे सुरू झाले. गाणं तेच, वेगही तोच, पण जमीन नव्हती. सगळे एकमेकांच्या पुढं धावत होते. आम्ही पुन्हा आत आलो आणि मेळ बसला. बाई माझ्याकडं बघून हसल्या. सकाळचा चेहरा राहिला नव्हता. त्यांचा चॉप माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ पडत होता.

जॅमचा तुकडा फोनवर टिपला होता, तो मामांना पाठवला. तिकडं सकाळ झालेली, लगेच फोन आला.

"काय रं, टाळ्या वाजवल्यागत वाटतंय की. आस कुठं गेली?"

"तोडलीय मामा, मुद्दाम." मग डाव्या हाताचा दाब, घोडीमागचे तुकडे, रबराची कडी, सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ कानशीचा आवाज येत राहिला. मामा काम करतच ऐकत होते.

"ते रबर कसलं म्हणालास? आपल्याकडं एका ऑर्केस्ट्रावाल्याचं मँडोलिन पडलंय. मागनं शीळ घालतंय, सापडंना झालीया. सायकलची व्हॉल्व्हट्यूब चालंल काय?"

"चालेल की. पण तारेला गुंडाळू नका, दोन तारांच्या मधे अडकवा."

"एकेका जोडीला एक?"

"एकेका जोडीला एक."