मनगटाला मावेना तो पट्टा

जुलै २०१६. ईदला ‘सुलतान’ लागला होता आणि आमच्या रक्तपेढीत अचानक गर्दी वाढली होती. सिनेमातला हरियाणवी पैलवान जागतिक स्पर्धेसाठी तुर्कस्तानात असतो आणि इकडे ओ निगेटिव्ह रक्ताअभावी त्याचं बाळ जातं. त्याचा स्वतःचा गट तोच. पुढे रक्तपेढी उभारायच्या पैशांसाठी तो पुन्हा आखाड्यात उतरतो. हे बघून पोरं यायची, सेल्फी काढायची, जायची.

त्या दिवशी आला तो मात्र खरा पैलवान. कोल्हापूरच्याच तालमीतला. कान चेपलेले. बीपीचा पट्टा दंडाला सोडाच, मनगटालाही जेमतेम बसेल असं वाटलं. नाडी ५२ लागली, म्हणून डॉक्टरांना हाक मारली. "जोर-बैठका मारणाऱ्यांचं हृदय संथच चालतं," म्हणाले, "घ्या."

"मॅडम, ओ निगेटिव्ह हाय का बघा की."

स्लाइडवर त्याच्या रक्ताचे तीन थेंब टाकले, प्रत्येकात गट ओळखायचं वेगळं द्रव. निळ्यात काही नाही. पिवळ्यात आणि बिनरंगाच्यात गुठळ्या. बी पॉझिटिव्ह.

त्याचा चेहरा पडला. "म्हंजे उपेग न्हाई?"

"रोज सगळ्यात जास्त मागणी असलेल्यांपैकी आहे. झोपा."

सुई टोचताना त्यानं तोंड फिरवलं. एवढा गडी! पिशवी हलत होती, तो छताकडे बघत बोलला. गेल्या वर्षी बहिणीचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. रक्त लागत होतं. हा जत्रेच्या मैदानात होता, फोन वस्तादांच्या पेटीत. "मामा असून..." एवढंच म्हणाला.

मी सहसा काही बोलत नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, तान्ह्या बाळाला किलोमागे दहा-पंधरा मिली रक्त पुरतं, अर्धा कप चहाही नाही. आणि सख्ख्या नात्यातलं रक्त आम्ही उलट टाळतो. ते बाळाच्या अंगावर उलटू शकतं. द्यायचंच झालं तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. सिनेमात हे कुणी सांगत नाही.

"मग कुनाचं चालतं?"

"परक्याचं."

बराच वेळ तो त्या हलणाऱ्या पिशवीकडे बघत राहिला. ४५० मिली.

"परत कधी यायचं?"

"तीन महिन्यांनी."

बोटांवर मोजलं. "दसरा झाल्यावर."

कॉफी नको म्हणाला, वस्तादांनी बंद केलीय. बिस्किटांचे दोन पुडे मात्र खिशात घातले.